इष्टुर फाकड्याची कबर आणि नाव नसलेले शिपाई

दगड हीही एक संहिता असते. तिला लेखक असतो, खर्च करणारा मालक असतो आणि तिच्यातून वगळलेली माणसे असतात. कविता-कादंबरीची समीक्षा करताना आपण विचारतो की ही कुणाच्या बाजूने लिहिली आणि कुणाला गाळून लिहिली. कबर, स्तंभ, समाधी यांच्यापुढे उभे राहिलो की मात्र आपण एकतर हात जोडतो, नाहीतर पाठ फिरवतो. दगड वाचण्याची सवय आपल्या समीक्षेला लागलेली नाही. मावळात ती लावून घेण्यासारखी जागा आहे. लोणावळ्याहून पुण्याकडे निघणारी लोकल मळवली, वडगाव, देहूरोड, खडकी अशी स्टेशने घेत जाते. या एका रुळाच्या दोन्ही अंगांना दोन हजार वर्षांतील मृतांची नोंदवही उघडी पडलेली आहे.

सुरुवात वडगावपासून करू. इंग्रज-मराठ्यांच्या पहिल्या युद्धात मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादाला पेशव्यांच्या गादीवर बसवण्याचा घाट घातला आणि नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईहून फौज काढली. सुमारे ३,९०० लढणारे, त्यांत युरोपीय जेमतेम सहाशे. बाकी सारे एतद्देशीय शिपाई. शिवाय सामान वाहणारे हजारो नोकर आणि एकोणीस हजार बैल. कर्नल एजर्टन सेनापती. कॅप्टन जेम्स स्टुअर्ट याने पुढे जाऊन बोरघाट ताब्यात घेतला. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ तोफेचा गोळा लागून तो मेला. झाडावर चढून टेहळणी करताना गोळा लागला असे मावळात सांगतात. फौज रखडत ९ जानेवारीला तळेगावला पोचली तो गाव ओस, धान्य-चारा जळालेला. ११ च्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून इंग्रज मागे फिरले, महादजी शिंद्यांच्या फौजेने त्यांना वडगावात कोंडले आणि १६ जानेवारीला वडगावचा तह झाला. १७७३ पासून घेतलेला मुलूख परत करण्याचे इंग्रजांनी कबूल केले. पुढे तो तह त्यांनीच धुडकावला. हा इतिहास शाळेत शिकवतात, म्हणून इथे जास्त लांबवीत नाही.

शाळेत शिकवीत नाहीत ते पुढचे. मेलेल्या स्टुअर्टला मराठी मुलखाने नाव दिले : इष्टुर फाकडा. फाकडा म्हणजे देखणा, बेडर, रुबाबदार गडी. मानाजी शिंद्यांना जो किताब लोकांनी दिला तोच या परक्याला. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात हे नाव नोंदवले आहे, म्हणजे लढाईनंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षे ते लोकांच्या तोंडी टिकून होते. आजही आहे. वडगावात सरकारी कचेरी आणि पोलीस ठाण्याच्या आवारात त्याची म्हणून ओळखली जाणारी कबर आहे. तिला फुले वाहतात, नवस बोलतात. चाल करून आलेला शत्रूचा कप्तान गावाचा राखणदार झाला.

याबद्दल आमच्या इतिहासलेखकांना मोठे कौतुक. शत्रूच्याही शौर्याची कदर करणारे मराठी मन, असा त्याचा अर्थ लावला जातो. कदर होती हे मीही नाकारीत नाही. मरून पडलेल्या शत्रूची विटंबना न करता त्याला चांगले नाव देणे ही माणुसकीची गोष्ट आहे आणि ती मावळच्या साध्या माणसांनी केली आहे, पुण्याच्या दरबाराने नव्हे. माझा प्रश्न त्या माणुसकीच्या वाटपाबद्दल आहे. स्टुअर्टच्या मागे-पुढे चालणारे हजारो शिपाई याच मुलखाच्या आसपासचे होते. कोकणातले, देशावरचे, मराठी बोलणारे. कंपनीच्या मुंबई फौजेत अस्पृश्यांची भरती त्या शतकाच्या उत्तरार्धात उघड होत होती. इंग्रजी दप्तरांत महारांना ‘परवारी’ म्हणत आणि त्यांच्या नावापुढे ‘नाक’ लागे. कार्ला ते तळेगाव, तळेगाव ते वडगाव या वाटेवर मेलेल्या शिपायांतून फाकडा एकच निघाला. परक्याच्या रूपाची, टोपीची, घोड्याची छाप लोककल्पनेवर पडली. आपल्याच बोलीत कण्हत मेलेल्या माणसाची पडली नाही.

मराठ्यांच्या बाजूलाही वेगळे काही घडले नाही. वडगावात महादजींचे स्मारक आहे, ते असायला हवे. पण महादजींच्या फौजेतही घोड्यांना दाणा-वैरण घालणारे, मेलेली जनावरे ओढणारे, चामड्याच्या पखाली शिवणारे, छावणीभोवती रात्र जागवणारे लोक होते. त्यांच्याखेरीज एकही मोहीम निघत नव्हती. बखरीत त्यांना ‘बाजारबुणगे’ या एका शब्दात कोंबलेले आहे. हा शब्द मराठी साहित्याने इतक्या सहजपणे वापरला आहे की त्यात माणसे आहेत हे वाचताना ध्यानातही येत नाही. ऐतिहासिक कादंबरीकारांनी पानिपतापासून वडगावापर्यंत लढायांची वर्णने लिहिली, तलवारींची पाती आणि अंगरख्यांची बटणे मोजली, पण बुणग्यांतला एक माणूस नावानिशी उभा केला असे क्वचितच दिसते. खर्ड्याच्या १७९५ च्या लढाईतल्या शिदनाक महाराची आठवण परंपरेने जपली आहे. त्याचा तंबू इतरांच्या तंबूंपासून दूर ठोकावा की नाही यावरून छावणीत वाद झाल्याची कथा सांगतात. म्हणजे नाव टिकले तेही विटाळाच्या भांडणासकट टिकले.

दगडांत एक जुना प्रकार वीरगळाचा. मावळात काय, साऱ्या महाराष्ट्रात गावाच्या वेशीवर, देवळाच्या मागे हे दगड पडलेले दिसतात. खाली लढाई, वर अप्सरा वीराला नेताहेत, त्याच्या वर तो शिवलिंग पुजतो आहे. बहुतेकांवर अक्षर नाही. वीर कोण, कुणाचा, कशासाठी मेला, हे सारे शेंदराखाली गेले. इष्टुर फाकड्याच्या बाबतीत इंग्रजी दप्तर नसते तर त्याचेही तेच झाले असते. एव्हाना तो एखाद्या म्हसोबात मिसळला असता. बोरघाटात जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ आहे. घाटाची वाट इंग्रजांना एका धनगराने दाखवली आणि बक्षीस काय हवे असे विचारल्यावर त्याने स्वातंत्र्य मागितले, म्हणून त्याला गोळी घातली, अशी दंतकथा आहे. आज गाडीवाले तिथे नाणे टाकतात आणि पुढे जातात. कथेतली मागणी काय होती हे नाणे टाकणाऱ्याला विचारून पाहावे. याच घाटात १८५६ ते १८६३ या काळात रेल्वे बांधली गेली. १८६१ मध्ये चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते आणि पटकी, ताप, सुरुंग, कडे यांनी हजारोंनी मेले. कंत्राटदार ट्रेडवेल इंग्लंडहून आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, काम पुरे करून घेतले, ही हकीकत मोठ्या गौरवाने सांगितली जाते, गौरवाजोगी आहेही. मेलेल्या मजुरांच्या वाट्याला शिंगरोबाइतकेही देऊळ आले नाही.

देवत्व देणे ही विसरण्याची एक रीत आहे, असे माझे मत आहे. माणूस मेला की ‘तो कसा मेला, त्याला कुणी इथे आणले’ हे प्रश्न उरतात. त्याचा देव झाला की नवस उरतो. वडगावच्या कबरीला नारळ फोडणाऱ्या माणसाला कंपनी कुणाला गादीवर बसवायला निघाली होती हे विचारावेसे वाटत नाही, आणि तसे वाटण्याचे कारणही त्याला उरलेले नाही. लोकसंस्कृतीचे अभ्यासक या पूजेत समन्वय पाहतात. मला तिच्यात संपलेला प्रश्न दिसतो.

याच्या उलट वाचन कसे असते हे कोरेगावने दाखवले आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर, २६ मार्च १८२१ रोजी, कंपनीने भीमेकाठी स्तंभाचा पाया घातला. तो स्तंभ कंपनीने स्वतःच्या कीर्तीसाठी उभारला; अस्पृश्यांचे भले करणे तिच्या मनात नव्हते. पण दगडावर मेलेल्यांची नावे कोरली आणि त्यांत बावीस नावे ‘नाक’ने संपणारी निघाली. कारकुनाने फलटणीची यादी उतरवली एवढेच त्याचे कर्तृत्व. पुढे १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’ असा सिद्धांत काढून महारांची भरती बंद केली. ज्यांच्या जिवावर राज्य उभे केले त्यांना, आता स्पृश्य शिपाई तुमच्याबरोबर राहायला तयार नाहीत, असे सांगितले. तेव्हा हा दगड साक्षीला आला. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला, सभा भरवल्या, आणि १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब स्तंभापाशी गेले. मालकाने एका अर्थाने लिहिलेली संहिता वाचकांनी आपल्या अर्थाने वाचली. १९४१ च्या १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या टोपीच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता; पुढे तो काढून कट्यार बसवली.

कोरेगावचा दगड वाचणाऱ्यांना ‘परक्यांच्या चाकरीचा गौरव करता काय’ असे विचारण्याची पद्धत आहे. २०१८ च्या १ जानेवारीला तर हा प्रश्न दगडफेकीने विचारला गेला. विचारणाऱ्यांनी एकदा वडगावला जाऊन यावे. तिथे परक्या चाकरांचा प्रत्यक्ष कप्तान पुजला जातो आहे आणि त्याबद्दल कुणाचा देशाभिमान दुखावलेला नाही. कप्तानाला फाकडा म्हणणे ही दिलदारी आणि शिपायाला वीर म्हणणे हा देशद्रोह, हे गणित जातीखेरीज सुटत नाही. मात्र आपल्याही बाजूने एक सावधगिरी हवी. कोरेगावला जमणारी गर्दी त्या बावीसांपैकी किती नावे वाचते? हार घालून, छायाचित्र काढून परतणे सुरू झाले तर तो स्तंभही वडगावच्या कबरीच्या वाटेने जाईल. बाबासाहेब तिथे नवस फेडायला गेले नव्हते.

आता खडकी. दुसऱ्या महायुद्धातले १,६६८ मृत इथे ओळीने पुरलेले आहेत. पश्चिम आणि मध्य भारतातल्या ज्या कबरींची निगा राखण्याची खात्री नव्हती त्या इथे आणल्या. पहिल्या महायुद्धातल्या अठराशेहून अधिक जणांचे स्मारक इथेच आहे आणि पूर्व-पश्चिम आफ्रिकेतल्या १९३ सैनिकांची नावेही. एकसारखी उंची, एकसारखा आकार, नीट कातरलेली हिरवळ. सेनापती आणि साधा शिपाई यांच्या दगडात फरक करायचा नाही, वंश-धर्म-पद पाहायचे नाही, हे तत्त्व १९१७ साली सनद मिळालेल्या युद्ध-दफनभूमी आयोगाने स्वीकारले होते. जातवार मसणवटे असलेल्या देशात या तत्त्वाचे मोल कमी लेखू नये. आमच्या गावात अजूनही महारवाड्याचे प्रेत कुठल्या वाटेने न्यायचे यावरून मारामाऱ्या होतात. दोन प्रेतांमध्ये सारखे अंतर ठेवणारी जमीन आपल्याला सरकारी खर्चाने पाहायला मिळते ती लष्करी दफनभूमीत, ही गोष्ट लाजिरवाणी असली तरी खरी आहे.

पण हे तत्त्व समुद्रापलीकडे आणि कातडीपलीकडे फार टिकले नाही. मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक झाले. त्यावर गोऱ्यांची नावे आली, हिंदी अधिकाऱ्यांचीही आली, आणि हिंदी शिपायांचा फलटणवार आकडा आला. एप्रिल २०२१ मध्ये आयोगाने स्वतःच अहवाल काढून हे कबूल केले. पहिल्या महायुद्धातल्या ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण विषम रीतीने झाले. निदान १ लाख १६ हजार, आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, माणसांचे नावाने स्मरण झालेच नाही किंवा मुळीच झाले नाही. यांत हिंदी आणि आफ्रिकी लोकांचाच भरणा. साताऱ्याकडच्या खेड्यांत त्याच युद्धाच्या लहान पाट्या भिंतींत बसवलेल्या दिसतात : या गावातून इतकी माणसे लढाईवर गेली, त्यांतली इतकी मेली. गावाचे नाव आहे, आकडा आहे. माणूस नाही. आणि तो आकडा गावठाणातला किती, वेशीबाहेरचा किती, हे दगडाने विचारलेले नाही. इंग्रजाची वर्णदृष्टी आणि आपली जातदृष्टी त्या एका आकड्यात सुखाने एकत्र नांदतात.

इतके वाचून झाल्यावर मळवलीला उतरावे. ज्या कार्ल्याच्या पायथ्याशी स्टुअर्ट पडला त्याच कार्ल्याच्या डोंगरात चैत्यगृह आहे. बाहेर एकवीरेची जत्रा, बोकड-कोंबडी, ढोल. आत दोन हजार वर्षांपूर्वीची नावे. वैजयंतीचा शेठ भूतपाल आहे, धेनुकाकटचे यवन आहेत, दरवाजा दान देणारा अत्तरवाला सिंहदत्त आहे. आणि सामी नावाचा सुतार आहे : वेणुवासाचा मुलगा, धेनुकाकटचा राहणारा, दरवाजा घडवणारा. सुताराचे नाव बापाच्या आणि गावाच्या नावासह दर्शनी दगडावर कोरले गेले. शेटजीच्या नावाच्या अंतरावरच सुताराचे नाव वाचता येते. मराठी सौंदर्यशास्त्राने कार्ल्याच्या खांबांवर, कमानीवर, प्रकाशावर पाने लिहिली. या सुतारावर थांबायला त्याला वेळ झाला नाही.

समोरच्या डोंगरात भाजे. तिथे चौदा स्तूपांचा समूह आहे, काही छताखाली, काही बाहेर उघड्यावर. या लेण्यांत राहून वारलेल्या भिक्खूंचे हे स्मृतिस्तूप. काहींवर नावे आहेत : थेर अंपिनिक, थेर धम्मगिरी, थेर संघदिन्न. कुळ नाही, वर्ण नाही, पराक्रम नाही. थेर म्हणजे संघातला ज्येष्ठ, एवढीच पदवी. लहानमोठे आहेत, पण एका जागी, एका घडणीचे. खडकीच्या दगडांनी विसाव्या शतकात जे तत्त्व कागदावर मांडले ते मावळातल्या दगडात आधीच होते. फरक इतकाच की भाज्याच्या मृतांनी कुणाला मारले नव्हते. म्हणून लष्करी दफनभूमीचा विचार करताना भाजे आठवावे लागते. शिपायाला दगड मागताना आपण युद्धाला दगड मागत नाही ना, हे तिथे तपासता येते.

हा प्रश्न आपल्यापुरता फार अवघड आहे. आपले पणजोबा, खापरपणजोबा पलटणीत होते याचा अभिमान आपल्या घरांत आहे. तो खोटा नाही. त्यांनी कुठल्या साम्राज्यासाठी गोळ्या झाडल्या हेही खोटे नाही. पण पलटणीने आपल्याला जे दिले ते कबरीत शोधू नये. कंपनीच्या पलटणींत शाळा होत्या आणि शिपायांच्या मुलामुलींना तिथे शिकावे लागे. रामजी सुभेदार त्या शाळांतले शिक्षक. गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली पेन्शन घेऊन दापोलीला आले आणि दोन वर्षांत, १८८८ मध्ये, त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ छापले. धर्मशास्त्राच्या ठेकेदारांना प्रश्नांच्या ओळीने उभे केले. ज्या वर्गाला दगडावर जागा मिळाली नाही त्याने पाटीवर मिळालेले अक्षर असे वापरले. दलित साहित्याची वंशावळ लिहिताना आपण संतांपर्यंत मागे जातो. छावणीतल्या शाळेपाशी फारसे थांबत नाही. थांबायला हवे. आपल्या गद्याचा सवालजबाबी, अर्जाला शोभणारा पण अर्जदाराची लाचारी नसलेला ताठपणा तिथून आला असावा, असे मला वाटते.

त्या रुळावर भाजे आणि खडकी यांच्या मधे देहूरोड येते. लष्करी डेपोची वस्ती, दारूगोळ्याची कोठारे. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती इथे बसवली, नागपूरच्या धर्मांतराच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. शस्त्रांच्या गोदामांशेजारी राहणाऱ्या वस्तीत त्यांनी युद्धस्मारक उभारले नाही.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. लोहगड, विसापूर, कार्ला अशी सहल मावळात दरसाल येते. मुलांना वडगावला उतरवावे, फाकड्याची कबर दाखवावी, हार न घालता तिच्यापुढे बसवावे आणि त्या दिवशी या रस्त्यावर आणखी कोण मेले असेल ते लिहायला सांगावे. नंतर कार्ल्याला नेऊन सामी सुताराची ओळ दाखवावी. कार्यकर्त्यांचे काम याहून चिवट आहे. ज्या घरांत पलटणीची पदके, पेन्शनचे कागद, बक्षिसाच्या जमिनीचे जुने उतारे अजून पेटीत आहेत तिथून नाव, बापाचे नाव, गाव आणि फलटण उतरवून घ्यायची. खेड्यातल्या त्या पाट्यांवरच्या आकड्याशी ती लावून पाहायची. म्हाताऱ्या माणसांपासून सुरुवात करावी. कागद ओलीने जातात, पितळ मोडीत निघते.